वाऱ्याला वाट देणारी सावली

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या पश्चिम कडेला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीपासून तीसेक किलोमीटरवर, क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची वस्ती अडीच हजारसुद्धा भरली नाही. पण थंडी सुरू झाली, की आषाढीला पंढरपुरात राहुट्या पडाव्यात तशी या गावाभोवतीच्या माळावर माणसं उतरू लागतात. कॅनडातून, मिनेसोटातून, डाकोटातून, जिथं बर्फ गुडघाभर साचतो अशा सगळ्या मुलखांतून. ही माणसं आपलं घर मोटारीला जोडून ओढत आणतात. अशा ओढायच्या घराला तिकडं ट्रेलर म्हणतात. आत दोघांना झोपायला, शिजवायला आणि अंघोळीला पुरेल एवढी जागा. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्यानं १९८३ पासून इथली ‘ला पोसा’ नावाची काही हजार एकर जमीन या हिवाळी पाहुण्यांसाठी राखून ठेवली आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने एका परवान्यावर राहता येतं. कित्येक वर्षं त्याची फी १८० डॉलर होती. सात महिन्यांच्या भाड्याच्या मानानं हे काहीच नव्हे. मात्र त्या पैशांत प्रत्येकाच्या दारी वीज नाही, नळ नाही, आणि ओढ्याकाठची काटेरी झुडपं सोडली तर सावलीला झाड नाही.

सावली ज्यानं त्यानं आपली आणायची. ती आणणं सोपं, टिकवणं अवघड. कारण वाळवंटात उन्हाच्या जोडीला वारा असतो. डोंगर उघडे, झाडं नाहीत, जमीन तापली-निवली की हवा धावू लागते. हिवाळ्यात कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातून उत्तरेचा वारा सुटतो तो दोन-दोन दिवस थांबत नाही.

हा वारा काय करतो ते जरा आकड्यांत पाहू. ट्रेलरच्या दाराच्या बाजूला गुंडाळलेलं एक कापड असतं. ते ओढून बाहेर काढलं, की दाराशी कापडी पडवी तयार होते. ती पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद धरा, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. ताशी ३६ किलोमीटरचा वारा तिच्या पोटात सरळ शिरला, तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे सहा किलोंचा जोर येतो. सगळ्या कापडावर मिळून पाऊणशे किलो. आता वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, ताशी ७२ किलोमीटर, तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे तीनशे किलोंच्या वर. वारा तिरपा आला तर आकडा कमी-जास्त होईल, पण हिशेब या जातीचा आहे. आणि ही पडवी धरून ठेवायला काय असतं? भिंतीला टेकलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पोकळ दांड्या. कितीतरी लोक खबरदारी म्हणून दांड्यांना पाण्याचे कॅन बांधतात. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो! तीनशे किलोंपुढं तो कुठं पुरणार?

मग असली वस्तू तिथं आली कशी? तिचा इतिहास शंभरएक वर्षांचा आहे. फोर्ड कंपनीची स्वस्त मोटार मध्यमवर्गाच्या हातात आली, तेव्हा अमेरिकन लोक मोटारीतून मुक्कामाला जाऊ लागले. त्या काळी मोटारीच्या टपाला एक कड बांधायची आणि दुसरी कड जमिनीवर मेखांनी ठोकायची, असे एका बाजूचे तंबू विकत मिळत. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथं अशा भटक्या मोटारवाल्यांनी चक्क संघटना काढली. तिचं नाव ‘टिन कॅन टुरिस्ट्स’, डबेवाले प्रवासी म्हणा ना! पुढं तंबूची जागा ट्रेलरनं घेतली. वॉली बायम नावाच्या हिकमती माणसानं १९३१ मध्ये एअरस्ट्रीम कंपनी काढली आणि १९३६ मध्ये विमानासारखा रिव्हेट मारलेला, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आणला. हा बायम मुलखावेगळा गृहस्थ होता. १९५९-६० मध्ये त्यानं ट्रेलरवाल्यांचा एक तांडाच आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरच्या केपटाऊनपासून पार कैरोपर्यंत नेला.

पण ट्रेलरच्या दाराची कापडी पडवी घडली ती हिरवळीवर. पाइनच्या झाडीत किंवा तळ्याकाठी, जिथं चारी बाजूंना आडोसा आहे अशा मुक्कामासाठी ती केलेली. ती बनवणारेसुद्धा वापराच्या पुस्तिकेत बजावतात, की वारा सुटला तर गुंडाळून ठेवा. वाळवंटात याचा अर्थ असा, की गरज असते नेमकी तेव्हा ती मिटलेली असते.

माझी भाची फिनिक्स शहरात राहते. २०१८ च्या जानेवारीत तिनं आणि जावयानं एक ट्रेलर भाड्यानं घेतला आणि मला ला पोसाला घेऊन गेले. मी इतिहासाचा मास्तर. मराठ्यांच्या छावण्यांचे कागद वाचण्यात उमेदीची वर्षं गेलेली. पाल, राहुटी, कनात, डेरा, मेख, तणावा हे शब्द डोळ्यांखालून हजारदा गेलेले. (तणावा म्हणजे तंबूची दोरी. पूर्वी तिला तणावही म्हणत. आज तणाव म्हटलं की आपल्याला डॉक्टर आठवतो.) पण वाऱ्यात कापड बांधायचं म्हणजे काय, हे त्या माळावर मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. दुसऱ्याच रात्री वारा उठला. पलीकडच्या रांगेत एका कुटुंबानं आपली पडवी उघडीच ठेवली होती. पहाटे धाडकन आवाज झाला. सकाळी पाहतो तर कापड, दांड्या आणि गुंडाळीची नळी असा सगळा सांगाडा उलटून ट्रेलरच्या टपावर पडलेला. त्यांच्या शेजारी, वीस पावलांवर, एका सत्तरीच्या बाईंची सावली मात्र जिथल्या तिथं होती.

भाची म्हणाली, “मामा, विचारा ना त्यांना. तुमच्या डोक्यातले प्रश्न मला दिसतायत.”

मी विचारलं. बाई पूर्वी शाळेत ग्रंथपाल होत्या, आणि अकरावा हिवाळा काढत होत्या. त्यांनी ट्रेलरची मूळची पडवी कधीच काढून टाकली होती. त्या जागी होतं राखाडी रंगाचं जाळीदार कापड. आपल्याकडं रोपवाटिकांमध्ये शेडनेट लावतात, तेच. त्याची एक कड ट्रेलरच्या टपाच्या पट्टीला अडकवलेली होती, पण घट्ट दोरीनं नव्हे, तर इलॅस्टिकच्या छोट्या फासांनी. समोरच्या दोन कोपऱ्यांपैकी एक डोक्यापेक्षा उंच खांबावर, दुसरा कमरेइतक्या खाली. त्यामुळं कापडाला पीळ पडून त्याचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा झालेला. प्रत्येक खांबापासून दोन-दोन दोऱ्या लांबवर जमिनीकडं गेलेल्या, खांबाच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट. “दोरी जितकी आखूड तितका मेखेवर वरचा ओढ,” बाई म्हणाल्या. “दोरी लांब सोडली की ओढ आडवा होतो, आणि मेख आडवा ओढ सोसते.”

मेखांचीही गंमतच होती. ला पोसाची जमीन म्हणजे बारीक दगडगोट्यांची फरसबंदी.  तंबूबरोबर येणारी बारकी मेख तिथं वाकते, आणि शिरलीच तर पाऊस पडल्यावर सुटते. बाईंनी हातभर लांबीचे, जाड आट्यांचे लोखंडी स्क्रू ड्रिल मशीननं जमिनीत पिळून बसवले होते. ही युक्ती तरुण मंडळींकडून आली, असं त्यांचं म्हणणं. नेवाडातल्या ब्लॅक रॉकच्या कोरड्या तळ्यावर १९९० पासून ‘बर्निंग मॅन’ नावाचा मेळा भरतो. तिथं धुळीची वादळं नेहमीची. तिथली पोरं लोखंडी सळया जमिनीत ठोकतात, त्यांवर प्लास्टिकचे पाइप कमानीसारखे वाकवतात आणि वर कापड टाकून बुटका बोगदा करतात. वारा त्यावरून घसरून जातो.

इलॅस्टिकचे फास कशाला, हे मी मुद्दाम विचारलं. बाईंचं उत्तर मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, “वारा वाढला की काहीतरी तुटणारच. काय तुटायचं ते मी आधी ठरवते. पंचवीस सेंटचा फास तुटला तर मी सकाळी दुसरा लावते. कापड फाटलं तर महिना जातो, आणि ट्रेलरचा पत्रा उचकटला तर घरच गेलं.”

त्याच दिवशी दुपारी आम्ही गावाच्या दफनभूमीत गेलो. तिथं दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर तांब्याच्या पत्र्याचा उंट. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उंट! ही समाधी आहे हाजी अली नावाच्या माणसाची. अमेरिकन जिभेला ते नाव झेपेना, म्हणून तो ‘हाय जॉली’ झाला. स्मारकावर लिहिलं आहे, की त्याचा जन्म १८२८ च्या सुमारास सिरियाच्या मुलखात कुठंतरी झाला आणि हा त्याचा शेवटचा मुक्काम.

गोष्ट अशी घडली. मेक्सिकोशी झालेल्या युद्धानंतर अमेरिकेच्या हाती नैर्ऋत्येचा प्रचंड कोरडा मुलूख आला. तिथं सैन्याची रसद न्यायची कशी? घोडी आणि खेचरं पाण्यावाचून मरत. युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांनी उंट आणायचं ठरवलं आणि १८५५ मध्ये काँग्रेसनं त्यासाठी ३० हजार डॉलर मंजूर केले. ‘सप्लाय’ नावाचं जहाज भूमध्य समुद्राच्या काठानं उंट विकत घेत फिरलं. मे १८५६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर ३४ उंट उतरले. पुढच्या वर्षी आणखी ४१ आले. त्यांच्याबरोबर उंट हाकणारी काही माणसं आली, त्यांत हा हाजी अली. १८५७ मध्ये एडवर्ड बील यांच्या तुकडीबरोबर त्यानं २५ उंट न्यू मेक्सिकोतून कोलोरॅडो नदीपार नेले. उंटांनी काम चोख केलं. पण १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि प्रयोग बारगळला. १८६४ मध्ये कॅलिफोर्नियातले सरकारी उंट लिलावात विकले. हाजी अली मात्र वाळवंटातच राहिला. कधी ओझी वाहिली, कधी सोनं-चांदी शोधत हिंडला, आणि १९०२ मध्ये क्वार्ट्झसाइटला वारला. १९३५ मध्ये राज्याच्या रस्ते खात्यानं त्याचं हे स्मारक बांधलं.

पैसे मंजूर झाले ते उंटांसाठी. उंट ज्या जगात राहतात तिथली माणसं दुपार कशी काढतात, रात्रीच्या वाऱ्यात छत कसं धरतात, हे ज्ञान त्या जहाजाच्या यादीत नव्हतं. मला त्या पिरॅमिडपाशी उभं राहून सारखं हेच वाटत होतं. कारण बाईंच्या त्या राखाडी जाळीत जे काही होतं, ते जवळजवळ सगळं अरबांच्या काळ्या तंबूत फार पूर्वीपासून आहे.

त्या तंबूला अरबीत ‘बैत अश-शअर’ म्हणतात, म्हणजे केसांचं घर. तो बकरीच्या केसांचा असतो. बायका केसांचं सूत कातून जमिनीवर पसरलेल्या मागावर अरुंद लांब पट्टे विणतात, आणि पट्ट्याला पट्टा शिवून छत करतात. तंबू विणणं, उभारणं, उतरवणं ही कामं परंपरेनं बायकांकडं. उन्हानं आणि ओढानं मधले पट्टे आधी जीर्ण होतात. ते काढून कडेला सरकवतात आणि मधे नवे शिवतात. त्यामुळं अख्खा तंबू एकदम जुना होत नाही, एकदम नवाही नसतो. या विणकामाची एक शाखा म्हणजे ‘सदू’. संयुक्त अरब अमिरातीतल्या सदूचा समावेश युनेस्कोनं २०११ मध्ये तातडीनं जपायच्या वारशांच्या यादीत केला. यावरून ती कला किती पातळ झाली आहे ते कळावं.

या कापडाची विण सैल असते. कोरड्या दिवसांत हवा त्यातून पार होते, आणि छताखाली साचणारी गरम हवा वर निघून जाते. पाऊस आला, की केस फुगतात आणि विण मिटते. रंग काळा असला तरी खाली सावली दाट पडते. काळ्याबद्दल आपल्याला शंका येते, कारण काळं तापतं असं आपण शाळेत शिकलो. १९८० मध्ये ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात बेदुइनांच्या काळ्या झग्यांवर एक प्रयोग छापून आला होता. काळा झगा जास्त तापतो हे खरं निघालं. पण ती जास्तीची उष्णता आतल्या माणसाच्या कातडीपर्यंत पोहोचत नव्हती. सैल कापडाखाली हवा खेळत होती, ती उष्णता वाटेतच घेऊन जात होती. प्रयोग झग्याचा होता, तंबूचा नव्हे, पण दोन्हीकडं मुद्दा एकच आहे, की कापड आणि माणूस यांच्यात हवा वाहती हवी.

आणि वारा? तंबू रुंद, पण उंचीला बेताचा. छताचा उतार मंद, कडा जमिनीकडं झुकलेल्या. दोऱ्या लांबच लांब. खांब जमिनीत पुरलेले नसतात. छताच्या ओढानंच ते उभे राहतात. पाठ वाऱ्याकडं आणि उघडी बाजू आडोशाला. वारा फिरला तर बाजूचे पडदे फिरवायचे, फारच चढला तर वाऱ्याकडचे खांब काढून ती बाजू खाली घ्यायची. भिंत खंबीर करून वाऱ्याशी झुंजायचा विचारच त्या घरात नाही.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, पण एक शब्द ऐकवता येतो. आठव्या शतकात बसरा इथं खलील इब्न अहमद नावाचा पंडित होऊन गेला. त्यानं अरबी कवितेचं छंदशास्त्र बांधलं, आणि त्यातल्या संज्ञा तंबूवरून घेतल्या. कवितेची ओळ म्हणजे ‘बैत’, घर. तिचा अर्धा भाग ‘मिसरा’, म्हणजे दाराचं एक झापड. अक्षरांच्या गटांना त्यानं ‘वतद’ आणि ‘सबब’ म्हटलं, म्हणजे मेख आणि दोरी. हे शब्द फारसीतून उर्दूत आले. सुरेश भटांनी घराघरांत पोहोचवलेली मराठी गझल म्हणताना आपण ‘मिसरा’ म्हणतो, तेव्हा कुठल्यातरी वाळवंटातल्या तंबूचं दार आपल्या तोंडी असतं.

अरबांकडून शिकायचं राहून गेलं, असं म्हणताना अ‍ॅरिझोनाच्या मूळ रहिवाशांना विसरून चालणार नाही. गोरे लोक यायच्या कितीतरी आधीपासून तिथले ओओधम लोक अंगणात एक मांडव घालत आले आहेत. स्पॅनिश लोकांनी त्याला ‘रमाडा’ म्हटलं. ‘रमा’ म्हणजे फांदी. मेस्किटच्या झाडाचे दुबेळके खांब जमिनीत पक्के रोवायचे, वर आडवी लाकडं, त्यांवर सग्वारो नावाच्या प्रचंड निवडुंगाच्या वाळलेल्या फासळ्या, आणि सगळ्यात वर झुडपांच्या फांद्यांचा थर. चारी बाजू उघड्या. स्वयंपाक, टोपल्या विणणं, दुपारची झोप, पाहुणचार असं दिवसभराचं सगळं तिथं. मातीचं घर रात्रीसाठी आणि थंडीसाठी. आपला लग्नाचा मांडव डोळ्यांपुढं आणा, फारसा फरक नाही.

रमाड्याचं छत सपाट, मग ते वाऱ्यानं उडत कसं नाही? कारण ते भोकाभोकांचं आहे. वारा खालून घुसला तरी फांद्यांतून वर निघून जातो; छताच्या पोटाला धरून उचलायला त्याला सलग कापड मिळत नाही. वरचा थर कधी विस्कटलाच तर चार फांद्या आणून टाकल्या, काम झालं. बाईंच्या इलॅस्टिकच्या फासासारखंच हे. स्वस्त ते आधी जाऊ द्यायचं.

युरोप-अमेरिकेतल्या इंजिनिअरांना हे शास्त्र म्हणून कळलं ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. फ्राय ओटो या जर्मन वास्तुकारानं १९६४ मध्ये श्टुटगार्ट इथं हलक्या बांधकामांचा अभ्यास करणारी संस्था काढली. तंबू, कोळ्याची जाळी, साबणाचे फुगे यांचा तो बारकाईनं अभ्यास करी. सपाट ताणलेलं कापड वाऱ्यात फडफडतं. पण त्याला दोन उलट दिशांनी बाक दिला, म्हणजे दोन समोरासमोरचे कोपरे वर आणि दोन खाली घेतले, तर वारा वरून दाबो की खालून उचलो, कापडातले काही धागे नेहमी ताणलेलेच राहतात. हेच ते खोगीर. ओटोला २०१५ मध्ये प्रित्झकर पुरस्कार जाहीर झाला, त्याच सुमारास तो गेला. जेद्दाच्या विमानतळावर हज यात्रेकरूंसाठी १९८१ मध्ये खुलं झालेलं छतही तंबूंचंच आहे. त्याच्या बांधणीत फझलुर खान या आपल्या उपखंडात जन्मलेल्या इंजिनिअरचा मोठा वाटा होता. २१० शुभ्र शंकू, बाजू उघड्या, आणि गरम हवा जायला प्रत्येकाला वर तोंड. वाळवंटातला तंबू असा फिरून वाळवंटातच परतला.

वाळूचंही एक शास्त्र आहे. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश सैनिकी इंजिनिअरनं लिबियाच्या वाळवंटात फोर्ड मोटारी घेऊन मोहिमा काढल्या आणि १९४१ मध्ये वाळू कशी उडते यावर ग्रंथ लिहिला. धूळ आभाळात चढते. वाळूचे कण मात्र जमिनीलगत टुणटुण उड्या मारत जातात. म्हणून बाईंनी पश्चिमेला लावलेला आडोसा फक्त कमरेइतका होता, आणि तोही जाळीचाच. सलग ताडपत्री लावली तर वारा तिच्या माथ्यावरून उडी घेतो आणि मागं भोवरा करतो. माणूस आडोशाला बसूनही धूळ खातो. जाळीतून थोडा वारा मंद होऊन आत येतो, आणि तो मंद वाराच भोवरा होऊ देत नाही.

हे सगळं हौशी भटक्यांचे खेळ आहेत असं वाटत असेल, तर ते चित्र आता अर्धंच खरं आहे. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत घर गमावलेले, पेन्शन न पुरणारे कितीतरी वयस्क लोक ट्रेलरमध्ये किंवा व्हॅनमध्ये कायमचे राहायला गेले. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं ते यांच्यावरच. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यात क्वार्ट्झसाइटही आहे. हिवाळी पाहुणे एप्रिलमध्ये उत्तरेला परततात. ज्यांना परतायला घर नाही किंवा पेट्रोलला पैसे नाहीत, ते आसपासच राहतात. आणि उन्हाळ्यात तिथं पारा पंचेचाळीसच्या पुढं जाणं नवलाचं नसतं.

फिनिक्स शहर ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथं २०२३ या एका वर्षात उष्णतेमुळं ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांत रस्त्यावर राहणारे पुष्कळ होते. जे घरात दगावले, त्यांत मोबाइल होममध्ये, म्हणजे ट्रेलरच्याच मोठ्या भावंडात, राहणाऱ्यांचं प्रमाण त्या घरांच्या संख्येच्या मानानं फार जास्त निघालं. पातळ भिंती, तापलेला पत्रा, बंद पडलेला एसी किंवा वीजबिलाच्या भीतीनं बंद ठेवलेला. भाड्याच्या जागेवर उभ्या असलेल्या अशा घरांना बाहेरून काही लावायचं म्हटलं, तर कित्येक ठिकाणी जागामालक दिसायला वाईट दिसतं म्हणून मनाई करत. २०२४ मध्ये अ‍ॅरिझोनानं कायदाच केला, की घर थंड ठेवण्याची रास्त साधनं लावायला जागामालकाला भाडेकरूंना अडवता येणार नाही.

बाई त्या वर्षी एप्रिलनंतर उत्तरेला जाणार नव्हत्या. मी सहज विचारलं, मेमध्ये इथं काय करता? त्यांनी बोट दाखवलं ट्रेलरच्या पश्चिमेच्या भिंतीकडं. “तिथं दुसरी जाळी येईल. भिंतीला चिकटवून नाही, हातभर लांब. मधून हवा वर जायला हवी. दुपारी तीननंतर त्या भिंतीवर ऊन पडलं नाही, तर रात्री आत झोपता येतं.” मग त्यांनी मला खोक्यातले इलॅस्टिकचे फास मोजायला बसवलं. एकशे वीस भरले. एका उन्हाळ्याला तेवढे लागतात म्हणे.